प्रवासातील टपालपेटी

दारासुरम् हे तमिळनाडूतील कुंभकोणम् शहरालगतचे छोटेसे गाव. बाराव्या शतकात दुसरा राजराज चोळ याने बांधविलेल्या ऐरावतेश्वर मंदिरामुळे ते प्रसिद्ध आहे. २००४ साली युनेस्कोने या मंदिराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. रेशमी वस्त्रे विणणारे माग ही गावाची दुसरी ओळख. तंजावरचे मराठी राज्य १८५५ साली संपुष्टात आले. त्याच्या काळात या मुलखातील मराठी पत्रे मोडीत लिहिली जात आणि जासुदांच्या हाती पुढे जात. आज कामानिमित्त या वाटेने जाणारा मनुष्य आपले टपाल खिशातील मोबाईलवर वाचतो.

समजा, पुण्याचा एक कापडव्यापारी तंजावरहून आगगाडीने दारासुरमला निघाला आहे. तेथील विणकर उद्या सकाळी मागावर ताणा चढविणार आहे. ताण्याचा रंग बदलावा, अशी ई-मेल पुण्याच्या दुकानातून आज निघाली. ताणा एकदा चढला की त्याचा रंग बदलता येत नाही. रेशीम आणि विणकराचे श्रम दोन्ही वाया जातात. गाडी भातशेतांतून धावत आहे आणि मोबाईलवरील संपर्काची खूण क्षणात दिसते, क्षणात मावळते. अशा वेळी पत्र हरवेल काय?

याचे उत्तर समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ई-मेल थेट मोबाईलकडे येतच नाही. ती प्रथम सर्व्हर नावाच्या, अहोरात्र चालू असणाऱ्या संगणकावर येऊन थांबते. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविले आणि पत्त्यात व्यक्तीचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये ‘@’ हे चिन्ह योजिले. त्या चिन्हापुढील भाग पाहूनच आजही पत्र योग्य सर्व्हरकडे जाते.

१९८६ साली मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘आयमॅप’ ही पद्धत रचली. तिच्यात पत्रे सर्व्हरवरच राहतात आणि प्रत्येक पत्रास चढत्या क्रमाने एक क्रमांक मिळतो. संपर्क तुटून पुन्हा जुळला म्हणजे मोबाईल एवढेच विचारतो की, अमुक क्रमांकानंतर काय आले? धावत्या गाडीत मोबाईल एका मनोऱ्याच्या क्षेत्रातून दुसऱ्याच्या क्षेत्रात जातो. मध्ये खंड पडला तरी सर्व्हरवरील पत्रास धक्का लागत नाही. पत्र हरवत नाही. त्यास फक्त विलंब होतो.

उत्तर पाठविताना मात्र क्रम उलटा असतो. सर्व्हरने ‘पत्र मिळाले’ असा निरोप देईपर्यंत मोबाईल पत्राची प्रत आपल्याजवळ राखून ठेवतो. हा निरोपच वाटेत गळाला, तर मोबाईल तेच पत्र पुन्हा पाठवितो. एकच उत्तर कधी कधी दोनदा पोहोचते, त्याचे हे एक कारण होय.

जोडलेल्या छायाचित्रांना अधिक वेळ का लागतो, हेही पाहण्याजोगे आहे. ई-मेलची मूळ पद्धत साध्या रोमन अक्षरांसाठी आखलेली होती. म्हणून चित्राचे अक्षरांत रूपांतर करतात आणि त्यात दर तीन बाइटांची चार अक्षरे होतात. ३ मेगाबाइटांचे चित्र अशा रीतीने सुमारे ४ मेगाबाइटांचे होते. जेथे संपर्क क्षीण आहे, तेथे रंगाचे नाव व क्रमांक दोन ओळींत लिहिणे शहाणपणाचे ठरते. मनोरा दूर असला की मोबाईलला अधिक जोराने लहरी सोडाव्या लागतात, त्यामुळे विजेचा साठाही लवकर संपतो.

आता धोक्याचा विचार करू. मोबाईल व सर्व्हर यांच्यामधील मजकूर आज बहुधा सांकेतिक रूपात जातो. परंतु पत्र लिहिणारा खरोखर कोण आहे, याची हमी त्याने मिळत नाही. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, पैसे नव्या खात्यात भरावेत’ अशी बनावट पत्रे व्यापाऱ्यांस येतात. छोट्या पडद्यावर पुष्कळदा केवळ नाव दिसते आणि पूर्ण पत्ता झाकलेला राहतो. तो उघडून पाहावा, आणि पैशाचा प्रश्न असेल तर पूर्वीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर बोलून खात्री करावी.

शेवटी, ‘पत्र गेले’ आणि ‘पत्र वाचले’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीची ग्वाही यंत्र देऊ शकते. दुसरीची ग्वाही माणसानेच द्यावयाची असते. व्यापाऱ्याचा निरोप सर्व्हरवर सुखरूप असला तरी विणकराने तो सकाळपूर्वी पाहिला नाही, तर ताणा जुन्याच रंगाचा चढेल. म्हणून ज्या निरोपावर दुसऱ्याचे श्रम अवलंबून आहेत, तो लिहून पाठवावा आणि दूरध्वनीवरून तोंडीही सांगावा. लेखी शब्द पुराव्यास राहतो आणि तोंडी शब्दाने काम वेळेवर होते.