एडनचे पंचांग

पंचांग म्हटले की तिथी, नक्षत्रे, सण आणि मुहूर्त आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. जुन्या पंचांगातून समुद्रावरील व्यापाराचा इतिहासही वाचता येईल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु अरबस्तानाच्या दक्षिणेस असलेल्या येमेन देशातील एक पंचांग इतिहासकारांना याच कामी फार उपयोगी पडले आहे.

ते सन १२७१ च्या सुमारास अल्-अश्रफ उमर या राजपुत्राने रचले. पुढे १२९५ मध्ये तो येमेनचा सुलतान झाला. ग्रहताऱ्यांच्या अभ्यासाचा त्याला मोठा छंद होता. त्याच्या नावाचे, १२९१ साली घडविलेले पितळी वेधयंत्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

कोणते नक्षत्र केव्हा उगवते, कोणते धान्य केव्हा पेरावे, हे तर या पंचांगात आहेच. पण हिंदुस्थानची गलबते एडन बंदरात केव्हा येतात आणि तेथून केव्हा परततात, याच्याही नोंदी त्यात आहेत. राजपुत्राला गलबतांची एवढी चौकशी कशाला, असे तुम्ही विचाराल. एडनची जकात हा त्या राज्याचा मोठा आधार होता!

त्या काळी गलबते वाऱ्याच्या बळावर चालत. हिवाळ्यातील ईशान्येच्या वाऱ्यावर ती हिंदुस्थानातून एडनला जात आणि नैर्ऋत्येचा वारा ओसरू लागला की परत फिरत. भर पावसाळ्यात समुद्र जणू बंदच असे. आपले कोकणातील कोळीही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, ते याच कारणाने. ज्याचा वारा हुकला, त्या व्यापाऱ्याला परक्या बंदरात कित्येक महिने अडकून पडावे लागे. ‘मोसमी वारे’ या नावातील ‘मोसम’ हा शब्दसुद्धा मूळ अरबीच; त्याचा अर्थ ठरलेली वेळ किंवा ऋतू.

येथे एक अडचण होती. हिजरी वर्ष चांद्र असून ते सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. आपल्याकडे अधिक मास धरून हा फरक भरून काढतात. हिजरी कालगणनेत तशी सोय नाही. म्हणून तिचे महिने सर्व ऋतूंतून फिरत राहतात. वारे मात्र सूर्याच्या गतीप्रमाणे येतात. त्यामुळे अल्-अश्रफने आपले पंचांग सौर महिन्यांवर बसविले.

तरीही अशा पंचांगावर डोळे मिटून विसंबता येत नाही. गलबते केव्हा यावयाची, एवढेच ते सांगते. एखाद्या वर्षी ती खरोखर आली की वादळात सापडली, हे त्यात नसते. शिवाय पुष्कळ पंचांगकर्ते जुन्या नोंदी तशाच उतरून घेत. म्हणून इतिहासकार पंचांगाबरोबर एडनच्या जकातीची कागदपत्रेही वाचतात. अल्-अश्रफचा पिता सुलतान अल्-मुझफ्फर यूसुफ याच्या कारकीर्दीतील असे कागद आज उपलब्ध असून, बंदरात कोणता माल उतरे आणि त्यावर किती जकात पडे, हे त्यांत लिहिलेले आहे.