देवीमाहात्म्यातील असुर-सेनापती : एक विवेचन

प्रस्तावना : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरात नवरात्रात सप्तशतीचे पाठ होतात. मार्कंडेय पुराणांतर्गत १३ अध्यायांच्या या ग्रंथात असुरराजांइतकेच त्यांचे सेनापतीही लक्षणीय आहेत.

विवेचन : चिक्षुर हा महिषासुराचा महासेनानी, तिसऱ्या अध्यायात राजाच्या आधी तोच मारला जातो. पुढे शुंभाचे सेवक चंड व मुंड देवीला पाहतात आणि तिच्या रूपाची वार्ता स्वामीस देतात. देवी दूताचा प्रस्ताव नाकारते, तेव्हा शुंभ ६० हजार असुरांसह धूम्रलोचनास धाडतो. देवीच्या हुंकारानेच तो भस्म होतो. मग चंड-मुंडांनाच चतुरंग सेनेसह निघावे लागते. ज्यांच्या स्तुतिपर वार्तेने युद्ध ओढवले, त्यांच्याच माथी ते येते. काली त्यांची मस्तके देवीस अर्पण करून ‘चामुंडा’ हे नाम पावते.

निष्कर्ष : शुंभाचा वध दहाव्या अध्यायात होतो, तोवर त्याच्या अभिलाषेचे मोल सेनापतींनी चुकविलेले असते. तथापि आज्ञापालन ही त्यांच्या बाबतीत सबब ठरत नाही. सप्तशतीच्या पाठाबरोबर जपल्या जाणाऱ्या नवार्ण मंत्रात चामुंडेचे नाम येते. त्या नामातून अधर्माच्या आज्ञाधारकांचेही स्मरण राहते, हे या कथेचे मर्म होय.