गाळाची साक्ष

पाणी शुद्ध झाले म्हणजे त्यातील अशुद्ध नाहीसे झाले, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः जलशुद्धीकरण केंद्राचे काम नाश करण्यापेक्षा वेगळे काढण्याचेच अधिक आहे. तुरटीने एकत्र आणलेले कण टाकीच्या तळाशी बसतात, उरलेले वाळूच्या गाळणीत अडकतात, आणि ती वाळू उलट्या प्रवाहाने धुतली म्हणजे नदीने वा सरोवराने आणलेले पुष्कळसे त्या धुवणात येऊन पडते. गाळ आणि धुवण यांच्या या शिलकेची चौकशी मात्र क्वचितच होते.

अमेरिकेतील मिलवॉकी शहराला ही उपेक्षा परवडली नाही. मिशिगन सरोवराचे पाणी शुद्ध करणाऱ्या तेथील दक्षिण केंद्रात १९९३ च्या मार्चअखेरीस पाण्याचा गढूळपणा वाढला, आणि ७ एप्रिलला पाणी उकळून पिण्याचा हुकूम सुटला तेव्हा अतिसाराची साथ शहरभर पसरलेली होती. बाधितांची संख्या पुढे सुमारे ४ लक्ष ३ हजार अंदाजली गेली. क्रिप्टोस्पोरिडियम हा तिचा कारक आदिजीव, आणि त्या दिवसांत तेथील पाण्यापासून बनविलेल्या बर्फाच्या लाद्यांतही तो पुढे सापडला. गाळण्यांचे धुवण पुन्हा शुद्धीकरणाच्या प्रवाहात सोडण्याचा त्या केंद्राचा रिवाज होता. अडकलेला जंतू ज्यात साचतो, तेच पाणी परत आत घेण्यातला धोका उघड आहे. असे धुवण परत घ्यायचे तर ते शुद्धीकरणाच्या साऱ्या टप्प्यांतून गेले पाहिजे, असा नियम अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००१ मध्ये केला.

या आदिजीवाचे कवच ४ ते ६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढे असते, आणि पाण्यातील नेहमीच्या क्लोरीनला ते दाद देत नाही. स्वच्छ पाण्यात त्याचा शोध कष्टाचा, तर गाळात तो त्याहून बिकट. कारण तुरटीच्या पुंजक्यांनी त्याला कवटाळलेले असते. म्हणून प्रथम ते पुंजके आम्लाने विरघळवावे लागतात. मग ठरावीक घनतेच्या साखरेच्या द्रावणावर नमुना फिरवला की जड माती खाली बसते आणि हलकी कवचे वर राहतात. त्यानंतर प्रतिपिंडे लावलेले सूक्ष्म चुंबकीय मणी त्यांना धरून ठेवतात. परंतु गाळात लोह व चिकणमाती विपुल असली तर या पकडीतही व्यत्यय येतो. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी झळकणारी कवचे मोजावयाची असतात, आणि तशीच झळकणारी शेवाळे तपासनिसाला चकवू शकतात, यास्तव आतील केंद्रके वेगळ्या रंगाने पाहून खातरजमा केली जाते. जनुकीय परीक्षा अधिक चोखंदळ खरी, परंतु गाळातील ह्यूमिक द्रव्ये तिची अभिक्रिया रोखतात, आणि सापडलेला जंतू जिवंत आहे की मृत, हे ती सामान्यतः सांगत नाही.

या प्रत्येक पायरीवर काही कवचे हातून निसटतात. म्हणून विचक्षण प्रयोगशाळा नमुन्याच्या एका भागात कवचांची ज्ञात संख्या मुद्दाम मिसळते व त्यांपैकी किती परत मिळाली ते मोजते. हा हिशेब जोडल्यावाचून ‘जंतू आढळला नाही’ असा दाखला देणे म्हणजे शोधाच्या अपुरेपणालाच शुद्धतेचे नाव देणे होय. गाळ कोठे टाकावा आणि धुवण परत घ्यावे की नाही, याचा निर्णय ज्यांच्या हाती आहे, त्यांनी दाखल्यावर सही करण्यापूर्वी तो आकडा मागून घ्यावा.