महाविद्यालयांतील ‘मामा’

घरांतील मुलगा किंवा मुलगी दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे आपल्या कुटुंबांतून जी वाटाघाट सुरू होते, ती आमच्या वाचकांस नवी नाहीं. कोणती शाखा घ्यावी, कोठें प्रवेश मिळवावा, तेथील प्राध्यापक कसे आहेत, याविषयीं आजोबांपासून धाकट्या काकांपर्यंत प्रत्येकाचें कांहीं तरी मत असतें. परंतु त्या महाविद्यालयाचें कुलूप सकाळीं कोण काढतो, हा प्रश्न कोणाच्या तोंडून निघाल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. आज त्याच प्रश्नाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

कोठारी आयोगानें (१९६४-६६) पुरस्कारलेली दहा-दोन-तीन ही शिक्षणाची मांडणी महाराष्ट्रानें १९७५ च्या सुमारास स्वीकारली, आणि अकरावी-बारावीचीं दोन वर्षें ‘कनिष्ठ महाविद्यालय’ या नांवानें ओळखलीं जाऊं लागलीं. तालुक्याच्या गांवीं असें महाविद्यालय बहुधा हायस्कुलाच्याच आवारांत, चार-सहा खोल्यांत संसार मांडून असतें. शिक्षक येतात, कांहीं वर्षें शिकवितात, आणि संधि मिळतांच शहराची वाट धरतात. राहतात ते लिपिक, प्रयोगशाळेचा परिचर आणि शिपाई. मुलांचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, बोर्डाच्या परीक्षेचीं आवेदनपत्रें लिपिकाच्या हाताखालून जातात. जन्मतारखेंतील एका आंकड्याची चूक मुलास पुढें वर्षानुवर्षें भोंवते. ती होत नाहीं, तोंवर त्या लिपिकाची आठवण कोणास होत नाहीं.

अशाच एका लहान महाविद्यालयांत आम्ही कांहीं वर्षें रसायनशास्त्र शिकवीत होतों. तेथील परिचर स्वतः दहावीपलीकडे गेलेले नव्हते. परंतु कपाटांतील प्रत्येक बाटलीची प्रकृति त्यांस ठाऊक होती. सिल्व्हर नायट्रेट उजेडानें बिघडतें म्हणून तें तपकिरी बाटलींत ठेवावें, कॉस्टिक सोड्याच्या बाटलीस कांचेचें बूच लावूं नये, कारण तें चिकटून बसतें, ह्या गोष्टी त्यांना पुस्तकानें नव्हे, तर पंचवीस वर्षांच्या वहिवाटीनें शिकविल्या होत्या. मुलें त्यांना ‘मामा’ म्हणत.

एके वर्षीं फेब्रुवारींत बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. क्षारांतील नायट्रेट ओळखण्यासाठीं जो तपकिरी वलयाचा प्रयोग करतात, त्यास फेरस सल्फेटचें द्रावण ताजें लागतें. हवेंत राहिलें कीं तें पिवळट पडतें आणि वलय नीट उमटत नाहीं. हें आम्हीं वर्गांत अनेकदां शिकविलेलें. तरीहि सामान पुरवून वापरावें या हिशेबानें आम्हीं आदल्या दिवशीं त्यांना सांगितलें कीं, उरलेलें द्रावणच उद्यां मांडा. ‘बरं, सर,’ एवढेंच ते म्हणाले, आणि त्याप्रमाणें त्यांनीं केलें.

दुसऱ्या दिवशीं एका मुलीनें तीन वेळां प्रयोग केला. वलय कांहीं उमटेना. ती अगदीं रडकुंडीस आली. तेव्हां परिचर आमच्याजवळ येऊन हलक्या आवाजांत म्हणाले, ‘सर, टेबलावरच्या बाटल्या कालच्या आहेत. सकाळीं ताजं करून ठेवलंय. आपण म्हणाल तर बदलतो.’ बाहेरून आलेल्या परीक्षकांची संमति घेऊन सर्व बाटल्या बदलल्या, आणि मुलीच्या परीक्षानळींत वलय उमटलें. रसायनशास्त्राच्या शंभर गुणांपैकीं तीस प्रात्यक्षिकाचे असतात. त्यांतील किती आमच्या काटकसरीपायीं गेले असते, याचा विचार करूनच आमची मान खालीं गेली. त्यांनीं मात्र त्या गोष्टीचा पुन्हां उच्चारहि केला नाहीं.

निकालानंतर त्या मुलीच्या घरचीं माणसें पेढे घेऊन आलीं, तीं आमच्याकडे. मामांच्या हातावर पेढा पडला, तो आम्हीं डबा त्यांच्यापुढें केला म्हणून!

पुढें एकदां आम्हीं वर्गांत विचारलें, ‘मामांचें आडनांव काय?’ एकाहि विद्यार्थ्यास सांगतां आलें नाहीं. त्यांना काय दोष द्यावा? आम्हांसहि तें हजेरीपटावरूनच कळलें होतें. आपल्याकडे मामाचा मान केवढा! लग्नांत वधूला मांडवांत आणावयाचें तें मामानें. तेंच नातें आपण शाळेच्या दारांत इतक्या सहज जोडतों, आणि नांव विचारण्याचे श्रम मात्र वांचवितों.

आतां तर तें पदच मावळण्याच्या वाटेला लागलें. अनुदानित खाजगी माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांतील चतुर्थ श्रेणीचीं पदें, त्यांवरील माणूस निवृत्त झाल्यावर, पूर्ववत् न भरतां त्यांऐवजीं ठराविक ‘शिपाई भत्ता’ द्यावा, असा निर्णय राज्य शासनानें डिसेंबर २०२० मध्यें काढला. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या संघटनांनीं त्यास विरोध केला. तिजोरी सांभाळणारास काटकसर करावी लागते, हें आम्हांस मान्य आहे. भत्त्यावर आलेला मनुष्य झाडलोट करील, घंटाहि देईल. परंतु आज आहे, उद्यां नाहीं, अशा माणसानें बाटल्यांची प्रकृति ओळखावी आणि न सांगतां पहांटे येऊन ताजें द्रावण करावें, अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी? काटकसर कोठें करावी हें न कळल्यास काय होतें, त्याचा आमचा अनुभव वर सांगितलाच आहे.

शासनाचे निर्णय बदलणें एकट्यादुकट्या कुटुंबाच्या हातीं नसतें. परंतु पालकसभेंत प्रयोगशाळेस परिचर आहे कीं नाहीं, कार्यालयांत लिपिक पुरेसे आहेत कीं नाहींत, हें विचारणें आपल्या हातीं आहे. आणि पुढच्या निकालाच्या दिवशीं पेढ्यांचा डबा घेऊन जाल, तेव्हां प्रथम दारांतल्या मामांपुढें थांबा, आणि त्यांचें नांव विचारून मगच तो उघडा, एवढीच आमची विनंति आहे.