बेकायदा माणसांचा कायदा

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. आत १०४ भारतीय होते. बहुतेक पंजाब, हरियाणा, गुजरातचे, तिघे आपल्या महाराष्ट्रातले. जमीन विकून, कर्ज काढून दलालाची भर केलेली यातली कितीतरी मंडळी रिकाम्या हाताने परतली. आपल्याकडे चर्चा झाली ती त्यांच्या हातापायांतल्या बेड्यांची. अमेरिकेतला वाद मात्र जुनाच : अशांना हुसकावायचे, की माफ करून सामावून घ्यायचे?

गंमत अशी, की अमेरिकेने हे दोन्ही एकदम करून पाहिले आहे. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी रेगन यांनी, म्हणजे रिपब्लिकन अध्यक्षांनी, माफीच्या कायद्यावर सही केली. १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून राहणाऱ्यांना माफी, शेतमजुरांना त्याहून सोपी अट. सुमारे २७ लाख लोक अधिकृत झाले. बदल्यात, बेकायदा माणसाला जाणूनबुजून कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड. सौदा रास्त वाटतो ना? पण ‘जाणूनबुजून’ या एका शब्दाने घात केला. कामगाराने दाखवलेला कागद खरा दिसला की मालक सुटला! खोट्या कागदांचा धंदा तेजीत आला. माफी पदरात पडली, दंड बव्हंशी पुस्तकातच राहिला. तेव्हापासून तिकडच्या राजकारणात ‘माफी’ हा शब्द जवळजवळ शिवीच झाला. २०१३ साली सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी नवे विधेयक संमत केले. दुसऱ्या सभागृहाने ते चर्चेलाही घेतले नाही.

या तारखांच्या कात्रीत घरे सापडली. नवरा १९८१ साली आलेला, बायको १९८३ साली. तो अधिकृत, ती चोर. एकाच ताटात जेवणारी ही माणसे! त्यांना एकत्र राहू देणारी तरतूद कायद्यात यायला १९९० साल उजाडले.

बंदोबस्ताचीही तीच तऱ्हा. पूर्वी मेक्सिकोतला मजूर हंगाम संपला की गावी जाई. सरहद्दीवर पहारा वाढला, ओलांडणे महागले, तसा तो परत जाईनासा झाला; उलट बायकोमुलांनाच बोलावून घेऊ लागला. त्यात १९९६ च्या कायद्याने वर्षभर बेकायदा राहून देश सोडणाऱ्याला दहा वर्षे दार बंद केले. मग कोण कशाला बाहेर पडेल?

लहानपणी आईबापांनी आणलेल्या मुलांना ओबामांनी २०१२ साली तात्पुरते अभय दिले. त्यांतली थोरली आता चाळिशी ओलांडून गेली. त्यांना स्वतःची मुले झाली, ती जन्माने अमेरिकन. आणि आईबाप अजून दर दोन वर्षांनी मुदतवाढीचा अर्ज भरत आहेत.