कुंपणालगतचं हे पिवळ्या फुलांचं झुडूप कोणतं? रंग नाही, पानं पाहा!

व्हॉट्सॲप ग्रुपवर फुलाचा फोटो येतो आणि प्रश्न पडतो, 'हे कोणतं झाड?' मग कुणी कण्हेर म्हणतं, कुणी बिट्टी, तर कुणी घंटीफूल. वेळापूर असो की सोलापूर जिल्ह्यातलं दुसरं कोणतंही गाव, कमी पाण्यावर तग धरणारी ही तिन्ही झुडपं अंगणात लावली जातात. पण यातली दोन विषारी आहेत.

फुलाच्या रंगावर जाऊ नका. बिट्टी पांढऱ्या आणि केशरी छटेतही येते, तर कण्हेर फिकट पिवळीही असते. म्हणून आधी फांदीवर पानं कशी लागली आहेत ते पाहा.

कण्हेर : एकाच पेरातून बहुधा तीन-तीन पानं. पानं लांबट, जाडसर आणि मधली शीर ठळक. फळ लांब शेंगेसारखं.

बिट्टी (पिवळी कण्हेर) : पानं अरुंद, चकचकीत आणि एकाआड एक. तोडल्यावर पांढरा चीक येतो. फळ गोलसर-त्रिकोणी, हिरवं; पिकल्यावर काळं पडतं.

घंटीफूल (टिकोमा) : एका देठावर अनेक पर्णिका, कडा करवतीसारख्या. चीक नाही. शेंगा लांब आणि बारीक.

हा फरक महत्त्वाचा का? कण्हेर आणि बिट्टीच्या सर्व भागांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी विषं असतात. मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेची बिट्टी आपल्याकडे इतकी रुळली, की मुलं तिच्या बिया खेळायला घेतात. धोका तिथेच आहे, कारण बियांमध्ये विष भरपूर असतं.

ओळख विचारायची असेल तर नुसत्या फुलाचा फोटो टाकू नका. पानांसह फांदी, पानाची मागची बाजू आणि फळ असे वेगवेगळे फोटो काढा. मापासाठी शेजारी नाणं ठेवा. गूगल लेन्सचं उत्तर हा अंदाज समजा. वरच्या खुणांशी ताडून पाहा. चव घेऊन झाड कधीही ओळखू नका. चीक हाताला लागला तर हात साबणाने धुवा.

मुलाने बी किंवा पान खाल्ल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट पाहू नका. घरगुती उपायाने उलटी करवू नका. १०८ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. जाताना त्या झुडपाची फांदी, फळ किंवा फोटो सोबत न्या. डॉक्टरांचा वेळ वाचेल.