मानसशास्त्राची पदवी घेताना

बारावीचा निकाल लागला की मार्गदर्शनासाठी पुष्कळ विद्यार्थी आमच्याकडे येतात. कला शाखेकडे वळणाऱ्यांपैकी अनेक जण हल्ली मानसशास्त्राचे नाव घेतात. हाच विषय का, असे विचारले की दोन उत्तरे मिळतात. एक म्हणजे, “दुसऱ्याच्या मनातले ओळखता येते.” दुसरे म्हणजे, “गणित नाही, विषय सोपा आहे.” दोन्ही समज चुकीचे आहेत. ते घेऊन प्रवेश घेणाऱ्याची पहिल्याच वर्षी निराशा होते. म्हणून या पदवीत काय शिकायचे असते आणि तिच्यामुळे काय मिळते, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

मानसशास्त्र म्हणजे माणसाच्या वर्तनाचा आणि मानसिक प्रक्रियांचा शास्त्रीय अभ्यास. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली जर्मनीतील लाइपझिग येथे प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हा विषय तत्त्वज्ञानापासून वेगळा झाला, असे मानतात. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. पदवीच्या वर्षांत सामान्य, विकासात्मक, सामाजिक व अपसामान्य मानसशास्त्र, मनोमापन आणि संख्याशास्त्र असे विषय येतात. त्यांच्या जोडीला प्रात्यक्षिकेही असतात.

प्रात्यक्षिकाचे एक उदाहरण घेऊ. हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच स्मृतीचे प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. अर्थ असलेले शब्द ओळखीमुळे लवकर पाठ होतात, म्हणून त्यांनी निरर्थक अक्षरसमूह वापरले. पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरले जाते, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा उजळणी काही दिवसांत विभागली, तर कमी श्रमात पाठ होते, हेही दिसले. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

आता संख्याशास्त्राविषयी. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध यांच्याशिवाय या विषयात पुढे जाता येत नाही. समजा, ज्या घरात पुस्तके जास्त त्या घरातील मुलांना गुण जास्त, असे आढळले. म्हणून पुस्तके आणून ठेवली की गुण वाढतील काय? कदाचित आईवडिलांचे शिक्षण किंवा घरची मिळकत हे दोन्हींमागचे कारण असेल. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. एवढी एक सवय लागली तरी शिक्षणाचे चीज झाले.

मनोमापनात तर आपल्या मुलांच्या हिताचाच प्रश्न आहे. बिने आणि सिमों यांची बुद्धिमापन कसोटी १९०५ साली फ्रान्समध्ये तयार झाली. तिचे नुसते भाषांतर करून आपल्या मुलांची बुद्धी मोजता येणार नाही, हे ओळखून व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कन्नड मुलांसाठी तिचे रूपांतर केले. त्यांचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. ज्या वस्तू मुलाने कधी पाहिल्या नाहीत, त्यांच्यावरचे प्रश्न विचारून त्याला मंद ठरवणे हा अन्याय आहे. तो अन्याय पुराव्यानिशी दाखवायचा, तर वाडीवस्तीतून आलेली मुलेही या शास्त्रात पाहिजेत.

मात्र पदवीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आमच्या पाहण्यातील एक मुलगी चांगल्या गुणांनी बी.ए. झाली. वडिलांनी समुपदेशन केंद्राची पाटी रंगवायला टाकली होती. ही पहिली पायरी आहे, हे त्यांना सांगताना आम्हाला फार जड गेले. प्रवेशाच्या वेळीच कोणी सांगितले असते, तर त्या घराने पुढचा हिशेब आधीच केला असता. नुसत्या बी.ए.वर मानसोपचार करता येत नाहीत. पुढे एम.ए. करावे लागते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे असेल, तर १९९२ च्या कायद्याप्रमाणे भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेले प्रशिक्षण घेऊन नोंदणी करावी लागते. औषधे देणारे मनोविकारतज्ज्ञ हे तर वैद्यकीय पदवी घेतलेले डॉक्टर असतात. शाळा, सामाजिक संस्था, कारखान्यांतील मनुष्यबळ विभाग येथेही कामे आहेत, पण बहुतेक ठिकाणी पुढील शिक्षण विचारले जाते.

तेव्हा पालकांनी तीन नव्हे, पाच-सात वर्षांचा विचार करावा. अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षणासाठीही मिळते. उत्पन्नाचा व जातीचा दाखला वेळेत काढावा आणि अर्जाचे नूतनीकरण दरवर्षी न चुकता करावे.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना पुढे इंग्रजी ग्रंथ वाचावे लागतात. पहिल्या दिवसापासून एक वही करावी. तीत इंग्रजी संज्ञा, तिचा मराठी प्रतिशब्द आणि आपल्या जगण्यातले एक उदाहरण लिहावे. उदाहरण सुचले नाही, तर संज्ञा समजली नाही असे मानावे व प्राध्यापकांना निःसंकोच विचारावे.

विद्यार्थी मित्रांनो, हा विषय मनकवडे बनवत नाही. माणसाविषयी घाईने मत बनवू नये, आधी तपासावे, एवढे तो शिकवतो. त्यासाठी कष्टांची तयारी असेल, तर या शाखेत अवश्य प्रवेश घ्या.